स्विचमध्ये आवाजाला आधी वाट: स्ट्रिक्ट प्रायॉरिटी की वेटेड राउंड रॉबिन?

तीस आयपी फोन, सोळा कॅमेरे आणि रोजचा बॅकअप एकाच स्विचवर असेल तर क्यूओएस (कोणत्या डेटाला आधी वाट द्यायची याची व्यवस्था) लावताना दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: पॅकेट ओळखायचं कशावरून आणि रांगा रिकाम्या करायच्या कोणत्या क्रमाने. पण स्विचमधलं प्राधान्य कामाला येतं ते पोर्टमधून बाहेर पडणारी रांग साचली तरच. अपलिंक (स्विचपासून राउटरकडे जाणारी जोडणी) १ जीबीपीएस आणि इंटरनेट १०० एमबीपीएस असेल तर कोंडी राउटरपाशी होते. तिथे शेपिंग (बाहेर जाणाऱ्या डेटाचा वेग आखून देणं) न लावता स्विचमध्ये कितीही खटपट केली तरी बाहेरच्या कॉलचा आवाज तुटतच राहील.

ओळखीसाठी आमची पसंती डीएससीपीला, म्हणजे पॅकेटच्या आयपी हेडरमधल्या प्राधान्याच्या खुणेला. दुसरा पर्याय ८०२.१पी, म्हणजे व्हीलॅन टॅगमधले (पॅकेट कोणत्या आभासी नेटवर्कचं हे सांगणाऱ्या चिठ्ठीतले) ३ बिट, ० ते ७. टॅग नसेल तर ओळखच नाही, आणि राउटर ओलांडताना टॅग गळून पडतो. शिवाय इथे १ हे ० पेक्षा खालचं असतं; ‘थोडं वर’ म्हणून १ देणारे आपलाच डेटा तळाला ढकलतात. डीएससीपीचे ६ बिट आयपी हेडरमध्ये असल्याने वाटेत कुणी पुसले नाहीत तर शेवटपर्यंत टिकतात. आवाजाचं मूल्य ४६. पोर्टनुसार प्राधान्य देणं सर्वांत सोपं, कॅमेऱ्यांना पुरतंही. पण फोनच्या मागे संगणक जोडला की दोघांची पॅकेटं एकाच पोर्टने येतात आणि फरक करता येत नाही.

आता रांगा. स्ट्रिक्टमध्ये वरची रांग संपल्याशिवाय खालचीला हातच लागत नाही. आवाजाचं पॅकेट फार तर आधीच निघालेली एक फ्रेम (तारेवरून जाणारं पॅकेट) संपेपर्यंत थांबतं: १५०० बाइट, १ जीबीपीएसवर १२ मायक्रोसेकंद. धोका उपासमारीचा. वरच्या रांगेत चुकून कॅमेरे घुसले आणि लिंक भरली, की खालचा बॅकअप ठप्प. आवाज मात्र मुळात किरकोळ असतो. जी.७११ (आवाजाचं एक डिजिटल रूप) चा कॉल सेकंदाला ५० पॅकेटं पाठवतो, प्रत्येकी २१८ बाइट, म्हणजे सुमारे ८७ केबीपीएस. तीस कॉल एका दिशेला २.६ एमबीपीएस! त्याने कुणाची उपासमार होत नाही.

वेटेड राउंड रॉबिनमध्ये प्रत्येक रांगेला वाटा मिळतो, उदा. ८:४:२:१. पण साधे स्विच पॅकेटं मोजतात, बाइट नव्हे. आवाजाची ८ पॅकेटं म्हणजे १७४४ बाइट. बॅकअपची एकच मोठी फ्रेम १५१८ बाइट. आठपट वजन दिलं, हातात आलं जेमतेम बरोबरीचं. शिवाय प्रत्येक फेरीत आवाजाला इतरांच्या ७ मोठ्या फ्रेम थांबावं लागू शकतं. १ जीबीपीएसवर ते ८५ मायक्रोसेकंद, जाणवणारही नाही. जुन्या मीडिया कन्व्हर्टरमुळे १० एमबीपीएसवर आलेल्या लिंकवर साडेआठ मिलिसेकंद, आणि तेही कधी असे, कधी नसे. हाच जिटर.

म्हणून एकच पद्धत निवडू नका. आवाज स्ट्रिक्ट रांगेत, तिला पोर्टच्या ५ ते १० टक्क्यांची मर्यादा. कॅमेरे, डेटा, बॅकअप वेटेडमध्ये, आणि शक्य तर बाइट मोजणारं डेफिसिट राउंड रॉबिन. असा मिश्र पर्याय नसलेला स्विच फोनसाठी घेऊच नये.

लावताना घात होतो तो ट्रस्टमध्ये, म्हणजे पॅकेटवर आलेली खूण स्विचने मानायची की नाही यात. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट २९६० सारख्या स्विचवर क्यूओएस चालू करताच पोर्ट ‘अनट्रस्टेड’ होतात आणि फोनने लावलेला ४६ पुसून ० होतो. फोनच्या पोर्टवर ट्रस्ट द्या, नुसत्या संगणकाच्या पोर्टवर नको. ८०२.३एक्स फ्लो कंट्रोलही बंद करा. त्याची पॉज फ्रेम आली की अख्खा पोर्ट थांबतो, आवाजासकट.

तपासायला बॅकअप चालू ठेवून कॉल लावा आणि अपलिंकचे रांगनिहाय ड्रॉप काउंटर पाहा. आवाजाच्या रांगेत ड्रॉप वाढत असतील तर मर्यादा तोकडी आहे किंवा भलतीच पॅकेटं तिथे येताहेत. ड्रॉप शून्य असून आवाज तुटत असेल, तर राउटरकडे वळा.