सुरीला आरसा आणायचं ‘घरबसल्या काम’: माझे 1,14,870 रुपये गेले, तुमचे वाचवा

आकडा आधीच सांगतो. दिले 1,17,030 रुपये, परत आले 2,160. गेले 1,14,870.

मशीन आमच्याकडून घ्या, कच्चा माल आम्ही देतो, तयार माल आम्हीच उचलतो, या प्रकारच्या स्कीमा कशा चालतात हे इथं कुणाला सांगायला नको. पापड, अगरबत्ती, द्रोण-पत्रावळी, सगळ्यांच्या कहाण्या ऐकून झाल्या आहेत. मीही ऐकल्या होत्या. माझ्या मेव्हण्याला अगरबत्तीच्या मशीनपासून मीच परावृत्त केलं होतं. मग मी कसा अडकलो? कारण या वेळी काम माझ्या ओळखीचं होतं, आणि ओळखीच्या कामात आपल्याला कोण फसवणार, असं वाटलं.

पुण्याजवळ भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूमला, म्हणजे साचे बनवायच्या विभागात, मी 27 वर्षं काढली. मोल्डच्या कॅव्हिटीला, म्हणजे साच्याच्या आतल्या पोकळीला, हातानं पॉलिश करून आरशासारखी चकाकी आणायची, हे माझं रोजचं काम. आधी दगडी कांडी, मग 400, 600, 800, 1200 चा घासपेपर (आकडा वाढेल तसा दाणा बारीक), शेवटी डायमंड पेस्ट. दर टप्प्याला घासण्याची दिशा बदलायची आणि मागच्या पेपरची एकही रेघ उरली असेल तर पुढच्याला हात लावायचा नाही. सुरीच्या पात्याचंही तेच. 1000 चा पाण्याचा दगड, 3000, 8000, मग हिरवी पेस्ट लावलेला चामड्याचा पट्टा. नीट केलं तर एका सुरीला चाळीस मिनिटं जातात आणि मग पात्यात ट्यूबलाइटची कड सरळ, न थरथरता दिसते. हे मला येतं. म्हणूनच “घरबसल्या सुरी पॉलिशिंग, मिरर फिनिश, दर नग 12 रुपये, महिना किमान 25,000” ही जाहिरात वाचली तेव्हा व्हीआरएस घेऊन घरी बसलेल्या माणसाला वाटलं, हे आपल्यासाठीच आहे. मुलीची शेवटच्या वर्षाची फी भरायची होती. लोभ म्हणायचं असेल त्यांनी म्हणावं. मी फुकटचे पैसे मागायला गेलो नव्हतो, काम मागायला गेलो होतो.

14 नोव्हेंबर 2024, गुरुवार. जाहिरातवाल्यांचं ऑफिस चकचकीत, भिंतीवर सुऱ्यांची रांग, पाणी विचारणारी मुलगी. “काका, तुम्ही तर लाइनमधलेच, तुम्हाला काय शिकवायचं,” असं म्हणून तिथल्या माणसानं मला खुर्ची दिली आणि हातात एक सुरी ठेवली. पात्यात माझा चष्मा दिसत होता, चष्म्याच्या काडीवरचा स्क्रू दिसत होता. मी सवयीनं टेबलावरचा कागद उचलला, कापून बघायला. त्यानं हसत सुरी माझ्या हातातून काढून घेतली. “धार वगैरे नंतर हो काका, आधी फिनिश बघा.”

इथं मी उठायला हवं होतं.

धार न बघता सुरी बघणारा माणूस सुरीच्या धंद्यात नसतोच. चकाकी पात्याच्या अंगाला असते आणि धार कडेला असते. कापडी चाकावर नुसतं दाबून धरलं तर अंग आरशासारखं होतं आणि कड गोल होऊन मरते. अशी सुरी टोमॅटोवरून घसरते, कागद फाडते. हे मी कारखान्यात नवीन पोरांना शिकवलं आहे. आणि माझ्या हातून सुरी काढून घेतली तरी मी गप्प बसलो, कारण तो मला “काका” म्हणत होता आणि चहा यायचा होता. गेलं वर्षभर रात्री जाग आली की मला तो कागद आठवतो.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. ॲग्रीमेंट मी वाचलं. सगळी सहा पानं वाचली. कलम 9 मध्ये लिहिलं होतं: “माल मिरर फिनिश असावा, फिनिशबाबत कंपनीचा निर्णय अंतिम राहील.” बस. 27 वर्षं मी ड्रॉइंगवर आरए आकडा, म्हणजे पृष्ठभाग किती खडबडीत चालेल त्याचं माप, नसेल तर जॉब परत पाठवला. फिनिश डोळ्यानं ठरत नाही, मायक्रॉनमध्ये ठरतो. फिनिशच्या प्रती असतात: एन 1 म्हणजे 0.025, एन 2 म्हणजे 0.05, एन 3 म्हणजे 0.1, हे मला झोपेतही सांगता येतं. आकडा नाही, नमुन्याची सुरी दोघांच्या सहीनं सीलबंद केलेली नाही, तपासणी कशानं करणार ते नाही. आणि मी सही केली. करारात “समाधान”, “निर्णय अंतिम” असे शब्द दिसले की पेन खिशात ठेवा.

पैसे असे गेले: मशीन 78,500, माल डिपॉझिट 25,000, नोंदणी 3,000 अधिक जीएसटी, म्हणजे 3,540. पुढे चाकं आणि पॉलिशच्या वड्या त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती, त्याचे 5,860. शेवटी “पुनर्तपासणी शुल्क” 4,130, ते पुढे सांगतो. मशीन म्हणजे अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर आणि दोन्ही बाजूंना कापडी चाकं. तसंच मशीन रविवार पेठेत नंतर विचारलं तर 11,500 ला मिळत होतं. घेण्याआधी विचारायला पीएमपीचं तिकीट तेवढं पडलं असतं.

बिलावरचा जीएसटी नंबर 24 नं सुरू होत होता. 24 म्हणजे गुजरात; महाराष्ट्राचा 27. ऑफिस पुण्यात, करार पुण्याचा, नंबर गुजरातचा. जीएसटीच्या पोर्टलवर कुणालाही नंबर टाकून बघता येतो, दोन मिनिटांचं काम आहे. मी ते फेब्रुवारीत केलं. नोंदणी कधीच रद्द झालेली.

पहिल्या खोक्यात 180 सुऱ्या आल्या. दोन आठवड्यांत केल्या, सगळ्या पास, 2,160 रुपये दुसऱ्याच दिवशी खात्यात. घरात पेढे आणले. पहिले पैसे चोख येतात, ते यायलाच हवेत, त्याशिवाय डाव पुढे सरकत नाही. पण इथली खरी लबाडी पैशात नव्हती, पोलादात होती, आणि ती या धंद्याबाहेरच्या माणसाला कळणार नाही म्हणून नीट सांगतो. पहिल्या खोक्यातली पाती आधीच बारीक घासून आली होती. कापडी चाकाला काम उरलं होतं ते फक्त उजाळा देण्याचं. दुसऱ्या खोक्यात 600 सुऱ्या आल्या, त्या जाड दाण्याच्या घासपट्ट्यावर, बहुधा 80 च्या, ओरबाडलेल्या. नखाला रेघा लागत होत्या. अशा रेघा कापडी चाकानं जात नाहीत, नुसत्या बुजतात. वरून चकाकी येते, पण उजेडात तिरकी धरली की खालून ढगाळ दिसतं. त्या काढायला दगड आणि पेपर लागतो, सुरीमागे तीच चाळीस मिनिटं. बारा रुपयांत चाळीस मिनिटं, म्हणजे तासाला अठरा रुपये. मला हा हिशेब खोकं उघडल्यावर लगेच समजला. फोन केला. “काका, चाकाला जोर द्या, होतं.”

जोर दिला. चाक 2,800 फेऱ्यांनी फिरतं, पात्याची कड पातळ, क्षणात तापते. काही सुऱ्यांच्या कडा आधी पिवळसर झाल्या, मग जांभळ्या, मग निळ्या. निळी कड म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं. ती सुरी पुन्हा कितीही पाजवा, धार टिकत नाही. मी थांबलो, पाण्यात बुडवत काम केलं, रात्री पेपर घेऊन हातानं घासलं. ही मदतीला बसली. सुरीची धार चाकाच्या फिरण्याला सामोरी धरायची नसते, चाक तिला हिसकून फेकतं. ट्रेनिंगच्या नावाखाली दाखवलेल्या व्हिडिओत हे एका शब्दानं नव्हतं. मी तिला सांगितलं होतं, पण ती थकलेली होती, रात्रीचे साडेदहा वाजले होते. अंगठ्याच्या मुळाशी चार टाके. दवाखान्याचे 1,850 रुपये मी वरच्या आकड्यात धरलेले नाहीत. ते मी त्या माणसाकडून वेगळे घेणार आहे.

9 जानेवारी 2025 ला निकाल आला: 600 पैकी 571 रिजेक्ट. “मिरर नाही.” कशानं तपासलं विचारलं तर उत्तर, “क्यूसीनं,” म्हणजे त्यांच्याच तपासणी विभागानं. पुनर्तपासणीसाठी 4,130 भरा म्हणाले. भरले. होय, तेव्हाही भरले, कारण 25,000 चं डिपॉझिट अडकलेलं होतं आणि चार हजारांसाठी पंचवीस सोडवत नव्हते. निकाल तोच. वर माल खराब केल्याबद्दल डिपॉझिट जप्त. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ऑफिसला कुलूप.

आता पोलिसांचं. पहिल्या दिवशी तीन तास बाकावर बसवलं आणि सांगितलं, “तुम्ही स्वतः पैसे दिलेत, ॲग्रीमेंटवर सही आहे, हे दिवाणी आहे, वकील गाठा.” दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पण पोच देईनात. पोचेसाठी चौथी खेप. पाचव्या खेपेला एकानं मलाच विचारलं, “घरात सहाशे चाकू ठेवलेत? परवानगी आहे का?” माझ्या पायातलं बळ गेलं. साठीला टेकलेला माणूस, आयुष्यात कधी चौकीची पायरी चढलो नव्हतो, आणि तक्रारदाराचा आरोपी करायला निघाले. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की शस्त्र नियमांतली नऊ इंच लांबी आणि दोन इंच रुंदीची मर्यादा घरगुती वापराच्या पात्यांना लागूच नाही, आणि माझी पाती होती पाच इंचांची, भाजी चिरायची. हे त्याला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. मी परत येऊ नये म्हणून तो बोलला. सहाव्या आणि सातव्या खेपेलाही गेलो. सातव्या खेपेला सांगण्यात आलं की असे अजून बरेच अर्ज आलेत, “बघू.” बरेच अर्ज आलेत! मग हा सगळ्यांचा वेगवेगळा दिवाणी वाद कसा? एकच माणूस, एकच कलम 9, एकच बहाणा, आणि गुन्हा मात्र नाही? सुरुवातीपासून द्यायचंच नव्हतं, याचा आणखी कोणता पुरावा हवा?

गुन्हा नोंदवून घेत नसतील तर बाकावर दिवस घालवू नका, मी घालवले. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचं आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे तीच तक्रार लेखी, पोस्टानं वरिष्ठांना पाठवता येते आणि त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. पोस्टाची पावती जपा. ऑनलाइन पैसे पाठवले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला त्याच दिवशी, त्याच तासाला फोन. मी तीन महिन्यांनी केला, तेव्हा पैसे खात्यातून कधीच पुढे गेले होते.

बँकेत गेलो तर काउंटरवर म्हणाले, तुम्हीच पाठवलेत. पहिल्या वकिलानं सांगितलं, धंद्यासाठी मशीन घेतलंत, तुम्ही ग्राहक नाही, ग्राहक आयोगात काही होणार नाही. त्याचे 1,000 रुपये. हेही चूक. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी शून्य. मुदत दोन वर्षांची. मी तक्रार दाखल केली आहे. सोबत कराराची प्रत, पैसे गेल्याच्या नोंदी आणि दोन्ही खोक्यांतल्या पात्यांचे जवळून काढलेले फोटो जोडलेत. रेघा त्यात स्पष्ट दिसतात. तुमच्याकडे असा माल आला असेल तर काम सुरू करण्याआधी फोटो काढा, तारखेसह. काम केल्यावर पुरावा तुम्हीच घासून टाकलेला असतो.

नमुना दाखवतील तो त्यांच्या मशीनवर, तुमच्या डोळ्यांदेखत, त्यांनीच पाठवायच्या कच्च्या मालातल्या कुठल्याही एका पात्यावर करून मागा. एका सुरीला नव्वद सेकंद पुरतात म्हणतात ना, घड्याळ लावा. मग कागद कापा.

कलम 9 असलेला हाच करार ज्यांच्याकडे आहे त्यांनी आपापल्या जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत जावं. एकसारखी तक्रार असणाऱ्यांना आयोगाच्या परवानगीनं एकत्रही जाता येतं, ग्राहक कायद्याच्या कलम 35 मध्ये तशी सोय आहे. 571 सुऱ्या माझ्या माळ्यावर तीन खोक्यांत बांधून ठेवल्या आहेत, एकही विकलेली नाही, एकही दुरुस्त केलेली नाही. पुढच्या तारखेला त्यांतल्या दोन घेऊन जाणार आहे, पहिल्या खोक्याच्या मालातली एक माझ्याकडे चुकून राहिली होती ती, आणि एक कोरा कागद.