सिंगर १५के पायमशीन : आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

जुने शिवणयंत्र घेणाऱ्यांची पहिली नजर बहुधा काळ्या अंगावरच्या सोनेरी वेलबुट्टीवर जाते आणि विक्रेतेही तिचेच पैसे मागतात. सिंगरच्या १५के या पायमशीनवर गेले आठ-नऊ महिने घरचे जवळपास सगळे शिवण केल्यानंतर मला मात्र असे वाटू लागले आहे की, मशीन केवळ मांडून ठेवायचे नसेल तर त्याला लागणारी सुई, बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) आणि बॉबिन केस (ती बसते ती डबी) आज कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते की नाही, हीच पहिली कसोटी असावी. या कसोटीवर १५ क्रमांकाच्या वर्गाइतके सोयीचे जुने मशीन माझ्या पाहण्यात दुसरे नाही. पुढचा सगळा अनुभव याच दृष्टीने वाचावा.

मशीनच्या बैठकीवर उजव्या कोपऱ्यात कोरलेला क्रमांक ‘वाय’ या अक्षराने सुरू होतो. ही मालिका स्कॉटलंडमधल्या क्लायडबँकच्या कारखान्याची असून ती १९२२ ते १९३५ या काळात वापरली गेली. मॉडेलच्या नावातला ‘के’ हा त्याच कारखान्याच्या किलबोवी या जागेचा. कारखाना १९८० साली बंद झाला, तरी तिथल्या रेल्वे स्थानकाचे नाव आजही ‘सिंगर’च आहे. मूळ रचना त्याहूनही जुनी, १८७९ सालची. तिच्यात शटल, म्हणजे खालचा दोरा टाक्यात गुंफणारा भाग, पूर्ण गोल न फिरता अर्धवट पुढे जाऊन मागे येते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांनी याच रचनेच्या असंख्य नकला बाजारात आणल्या आणि आपल्याकडेही घरगुती काळी मशीन मोठ्या प्रमाणावर याच घाटाची बनत राहिली. लुधियानात तिचे सुटे भाग आजही तयार होतात. त्यामुळे नव्वदएक वर्षांच्या या मशीनला लागणारी सपाट दांड्याची साधी सुई आणि धातूची गोल बॉबिन मला पुण्यात रविवार पेठेत नेहमीच्या मालात मिळते. त्यासाठी कोणत्याही संग्राहकाच्या दारी जावे लागत नाही.

हीच गोष्ट सिंगरच्या सगळ्या जुन्या मशीनविषयी म्हणता येत नाही. ज्यावर स्फिंक्सची सुंदर चित्रे आढळतात त्या २७ क्रमांकाच्या वर्गात होडीसारखे लांब शटल आणि लांबट बॉबिन असते. सुई नेहमीचीच चालते, पण शटल हरवले असेल तर शोधाशोध अटळ आहे. त्याही आधीच्या १२ क्रमांकाच्या वर्गाला तर सुईच वेगळी लागते आणि ती आता नेहमीच्या बाजारात येत नाही. असे मशीन कितीही देखणे असले तरी शेवटची सुई मोडली की त्याची शोभेची वस्तू होते.

दुरुस्तीविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण ‘रिस्टोरेशन’ म्हटले की अनेकांच्या मनात रंगकाम येते. प्रत्यक्षात बहुतांश काम जुने तेल काढण्याचे असते. माझ्याकडे आले तेव्हा मशीनचे चाक दोन्ही हातांनीही जेमतेम फिरत होते. आतला एकही भाग मोडलेला नव्हता, मात्र पूर्वी कधीतरी घातलेले स्वयंपाकाचे तेल सांध्यांमध्ये सुकून राळ झाले होते. गोडे तेल हवेच्या संपर्काने हळूहळू घट्ट होते आणि खोबरेल थंडीत गोठते. म्हणून शिवणयंत्राचे पातळ, पांढरे खनिज तेल सोडून दुसरे काहीही घालू नये, हे कितीही वेळा सांगितले तरी थोडेच आहे. प्रत्येक तेलाच्या भोकात आणि खालच्या बाजूच्या प्रत्येक सांध्यात रॉकेलचे थेंब सोडायचे, चाक जेवढे हलेल तेवढे मागेपुढे करायचे, रात्रभर तसेच ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी बाहेर आलेला तपकिरी गाळ पुसायचा, असा क्रम चाक मोकळे होईपर्यंत चालतो. फारच हट्टी सांध्याला केस वाळवण्याच्या यंत्राची ऊब दिली की राळ सैल पडते. घाईने पक्कड लावली तर मात्र स्क्रूच्या खाचा झिजतात आणि मग खरे नुकसान होते. रॉकेलने वंगणही धुऊन निघत असल्यामुळे शेवटी सगळीकडे नवे तेल द्यायला विसरू नये.

बाहेरच्या अंगाची काळजी वेगळी. त्या काळातल्या काळ्या रोगणावर आणि सोनेरी नक्षीवर चपड्याचा, म्हणजे लाखेचा, पारदर्शक हात दिलेला असतो. चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो, हे लाकडाला पॉलिश करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. तरीही स्पिरिट किंवा काच पुसण्याचा फवारा मारून नक्षी पांढुरकी केलेली किंवा पुसून टाकलेली मशीन जुन्या बाजारात पदोपदी दिसतात. शिवणयंत्राचेच तेल मऊ सुती फडक्यावर घेऊन हलक्या हाताने पुसले तर मळ निघतो आणि नक्षी राहते. जिथे रंग उडाला आहे तिथे मी तो तसाच ठेवला. नव्या चकचकीत रंगाखाली जुन्या मशीनची ओळख झाकली जाते आणि तेलाच्या भोकांत रंग जाऊन बसतो तो वेगळाच.

यांत्रिक भागांपैकी दोन ठिकाणी विशेष लक्ष द्यावे लागले. पहिले ठिकाण टेन्शन, म्हणजे वरच्या दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या चकत्या आणि स्क्रू. या मशीनवर ते डाव्या टोकाच्या झाकणावर असते आणि जुन्या प्रकारात त्यावर आकडेही नसतात. चकत्यांमध्ये अडकलेले जुन्या दोऱ्याचे तंतू काढल्याशिवाय कितीही पिळले तरी टाका सुधारत नाही. भाग सोडवताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घेतले तर जोडताना विचार करावा लागत नाही. बॉबिन केसचा ताण तपासण्याची जुनी युक्ती अजूनही सर्वांत विश्वासार्ह वाटते : भरलेली केस दोऱ्याला धरून लटकवावी, ती आपोआप घसरू नये, पण मनगटाला हलका झटका दिल्यावर थोडी खाली उतरावी. दुसरे ठिकाण म्हणजे चाकाच्या मधला मोठा स्क्रू. तो सैल केला की सुई थांबते आणि चाक मोकळे फिरून बॉबिन भरता येते. त्याच्या आतली छोट्या कानांची चकती उलटी बसली तर हा स्क्रू घट्ट होत नाही किंवा सैल होत नाही, आणि ‘क्लच गेला’ म्हणून मशीन कमी दरात विकायला येते. चकती काढून अर्धा फेरा फिरवून बसवली की दोष जातो. याखेरीज बॉबिन भरणाऱ्या चाकाचे कडक झालेले रबर आणि चामड्याचा पट्टा, एवढेच बदलावे लागले. नवा पट्टा सुरुवातीला ताणला जातो, म्हणून तो थोडा कापून पुन्हा अडकवण्याची तयारी ठेवावी.

आता प्रत्यक्ष शिवणाविषयी. सरळ टीप हे या मशीनचे एकमेव काम आहे आणि ते काम ते उत्तम करते. सुईखालच्या पट्टीला एकच लहान गोल भोक असल्यामुळे मलमल, व्हॉइल यांसारखे पातळ कापड आत ओढले जात नाही. झिगझॅगसाठी आडवे भोक ठेवलेल्या नव्या मशीनवर टिपेच्या सुरुवातीलाच कापड खाली जाण्याचा जो त्रास होतो, तो इथे जवळपास नाही. खणाच्या पोलक्याला अस्तर जोडताना, काठ सरकू न देता टाके एकसारखे येतात. जीन्सच्या तळपट्टीची जाड शिवण १६ नंबरच्या सुईने आणि जोडावर चाक हाताने फिरवून ओलांडता येते. जुन्या साड्यांच्या गोधडीला मात्र मर्यादा आहे. कापड दाबून धरणारा प्रेशर फूट जितका उचलला जातो तितकेच थर खाली बसतात, त्यामुळे चार-पाच थरांची हलकी दुपटी छान होतात आणि खरी जाड गोधडी हातानेच घालावी लागते. फुटाचा दाब वरच्या स्क्रूने किंचित कमी केला तर थर एकमेकांवरून सरकत नाहीत. फूट आखूड दांड्याच्या नेहमीच्या मापाचा असल्याने चेन लावण्याचा, पायपिंगचा किंवा काठ दुमडण्याचा साधा फूट थेट बसतो.

पायडलची सवय होण्यास वेळ लागतो, हे मान्य केले पाहिजे. चाकाचा वरचा भाग आपल्या दिशेने यायला हवा, तो उलटा गेला की दोरा गुंततो. म्हणून सुरुवातीचे काही दिवस दोरा न ओवता, कागदावर, केवळ पायाची लय बसवण्यात घालवावेत. एकदा ती बसली की एकच टाका घेऊन थांबण्याइतका ताबा येतो, जो मला पायाच्या बटणावर चालणाऱ्या विजेच्या मशीनवर कधीच साधला नाही. मोटर बसवून देण्याची तयारी दुरुस्ती करणाऱ्यांनी दाखवली होती, पण याच कारणासाठी मी ती नाकारली.

उणिवाही आहेत. माझ्या प्रकारात उलटी टीप नाही. टोक पक्के करण्यासाठी सुई कापडात ठेवून, फूट उचलून, कापड फिरवावे लागते, किंवा शेवटच्या अर्ध्या इंचात टाका अगदी बारीक करावा लागतो. टाक्याची लांबी खांबावरच्या स्क्रूने ठरते, त्यामुळे ती वारंवार बदलणे कंटाळवाणे होते. ताणले जाणारे होजिअरीचे कापड शिवू नये, सरळ टीप ताणाबरोबर तुटते. काज आणि पिकोसाठी बाहेर जावेच लागते. बिडाचा स्टँड आणि डोके, म्हणजे वरचे मूळ यंत्र, मिळून वजन इतके होते की लहान घरात जागा बदलण्याचा विचारही करू नये. पावसाळ्यात उघड्या लोखंडी भागांवर आठवड्याभरात तांबूस झाक येते, तेव्हा काम संपल्यावर तेलाचे फडके फिरवण्याची शिस्त ठेवावी लागते. नव्याने मिळणाऱ्या बॉबिन केसचा दर्जाही सारखा नसतो. दुकानात दोन-तीन हाताळून, कडा बोटाने तपासून, खरखर नसलेलीच घ्यावी, आणि मूळ केस शाबूत असेल तर ती कधीही टाकू नये.

संग्रहाच्या बाजाराविषयी थोडे. २००९ साली सौदी अरेबियात अशी अफवा पसरली की जुन्या सिंगरमध्ये ‘तांबडा पारा’ नावाचा अतिशय मौल्यवान पदार्थ असतो, आणि लोकांनी साध्या मशीनसाठी अवाच्या सवा पैसे मोजले. असा कोणताही पदार्थ त्यात नसतो, तरी आपल्याकडेही अधूनमधून कोणी मोबाईल जवळ धरून ‘तपासणी’ करायला येतो. अशा गिऱ्हाइकाला सरळ वाटेला लावावे. दुसरीकडे डोके भंगारात देऊन बिडाच्या स्टँडवर संगमरवर बसवण्याची हॉटेलवाल्यांची आवड आहे. तिच्यामुळे सुटे डोके पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात स्टँडपेक्षा स्वस्त मिळू शकते, ही शिवणाऱ्यांच्या पथ्यावर पडणारी गोष्ट. मात्र स्टँड वेगळा घेतला तर डोक्याच्या मागच्या दोन बिजागऱ्यांची भोके आणि लाकडी फळीतला कप्पा जुळतो का, हे मोजूनच घ्यावे.

घेताना नक्षीआधी डोके उलटे करून खालची बाजू पाहावी. बिडाला चीर नाही ना, सुईचा दांडा बाजूला हलत नाही ना, कापड पुढे सरकवणारे दाते झिजून गुळगुळीत झालेले नाहीत ना आणि शटल फिरते त्या कडीला खोल चरे नाहीत ना, एवढे पाहिले तर घट्ट झालेले चाक हे घाबरण्याचे कारण राहत नाही. उलट त्या कारणाने किंमत कमी करून मागता येते. खिशात नवी सुई, भरलेली बॉबिन आणि कापडाचा तुकडा घेऊन जावे. विक्रेत्याची हरकत नसेल तर तिथेच चाक हाताने फिरवून दहा टाके घालावेत आणि कापड उलटे करून खालचा दोरा पाहावा.