जोधपूरचं पाणी: कालवा वाढवावा, की शहरातलंच पाणी पुन्हा वापरावं?

वर्षाचा पाऊस सरासरी 350 मिलिमीटरच्या आसपास. बारमाही नदी नाही, समुद्र शेकडो किलोमीटर दूर, आणि 2011 च्या जनगणनेतच दहा लाखांपलीकडे गेलेली वस्ती. थरच्या वाळवंटाच्या कडेवरच्या या वाढत्या शहराच्या पुढच्या पंचवीस वर्षांचं पाणी ठरवायचं, तर विचार करण्याजोगे पर्याय तीनच: कालव्याचं पाणी वाढवणं, पायाखालचं पाणी उपसणं आणि सांडपाणी शुद्ध करून परत वापरणं.

कालव्यावाचून आजचं जोधपूर उभंच राहिलं नसतं, हे आधी मान्य करू. पंजाबातल्या हरिके बंधाऱ्यातून सतलज-बियासचं पाणी इंदिरा गांधी कालव्यानं वाळवंटात येतं. तिथून राजीव गांधी लिफ्ट कालवा ते पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवत कायलाना तलावापर्यंत आणतो. पाणी गोड आणि भरपूर, पण त्याची किल्ली शहराच्या हाती नाही. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर दुरुस्तीसाठी ‘नहरबंदी’ होते आणि शहराला तलावांतल्या साठ्यावर दिवस काढावे लागतात. मे 2018 मध्ये पंजाबातल्या एका साखर कारखान्याची मळी बियासमध्ये गेली, तेव्हा राजस्थानातल्या कालव्याकाठच्या जिल्ह्यांनाही सावधगिरीचे इशारे द्यावे लागले. शिवाय पंपांचं वीजबिल कायमचं. एकाच स्रोतावर विसंबलेल्या शहराची काय गत होते, हे लातूरकरांना सांगायला नको. 2016 मध्ये मिरजेहून तिकडे पाणी नेणाऱ्या रेल्वेचे टँकर राजस्थानातल्याच कोट्याच्या रेल्वे कारखान्यातून आले होते.

दुसरा पर्याय बाहेरच्या माणसाला खरा वाटणार नाही. वाळवंटातल्या या शहराच्या जुन्या भागात तळघरांमध्ये पाणी भरतं. कालव्याचं पाणी आल्यावर विहिरी आणि झालरे (आपल्या बारवांची भावंडं) वापरातून गेले, उपसा थांबला. नळांची गळती आणि गटारांचा पाझर मात्र जमिनीत मुरत राहिला. हे पाणी थेट पिण्याजोगं नाही. पण बागा, बांधकाम आणि रस्ते धुण्यासाठी ते चालण्यासारखं आहे, आणि उपसल्यानं जुन्या घरांचे पायेही वाचतील. त्यावर सगळं शहर पोसता येणार नाही, तरी खर्च थोडा आणि सुरुवात लगेच करता येते.

माझा खरा कौल तिसऱ्याला आहे. शहर वाढलं की सांडपाणीही वाढतं. हा स्रोत मागणीबरोबर वाढतो आणि पावसावर अवलंबून नाही. नामिबियातल्या विंडहुक शहरात 1968 पासून सांडपाणी शुद्ध करून थेट पिण्याच्या पुरवठ्यात मिसळतात. 2002 पासूनच्या नव्या प्रकल्पाची क्षमता रोज 2 कोटी 10 लाख लिटर आहे. लास व्हेगासनं वेगळी वाट धरली. घरातलं नाल्यात गेलेलं जवळपास सगळं पाणी शुद्ध होऊन, जिथून शहर पाणी घेतं त्या मीड सरोवरात परत जातं आणि तितकंच जास्त पाणी शहराला उचलता येतं. हिरवळीवर ओतलेलं पाणी परत येत नाही, म्हणून तिथे 2021 मध्ये कायदा करून नुसत्या शोभेच्या हिरवळी 2026 अखेरपर्यंत काढायला सांगितलं. जोधपूरनं सुरुवात विंडहुकसारखी पिण्यापासून करू नये. आधी कारखाने, बागा आणि शेतीला हे पाणी द्यावं, म्हणजे तेवढं कालव्याचं पाणी माणसांसाठी मोकळं होईल.

इथली अडचण गंभीर आहे. कापड रंगवण्याच्या आणि स्टीलच्या कारखान्यांच्या पाण्यानं जोजरी नदीची काय अवस्था केली आहे, ते काठावरच्या गावांना रोज भोगावं लागतं. विंडहुकनं कारखान्यांचं सांडपाणी घरगुती सांडपाण्यापासून पहिल्यापासून वेगळं ठेवलं, म्हणूनच लोकांनी विश्वासानं ते पाणी तोंडाला लावलं. रसायनं घरगुती सांडपाण्यात मिसळली की शुद्धीकरण महागतं आणि भरवसाही उरत नाही.

निर्णय माझ्या हाती असता तर कालवा आहे तसा राखून पिण्यासाठी ठेवला असता, गळती शोधायला पैसा दिला असता आणि वाढीव निधीतला पहिला हिस्सा कारखान्यांच्या वेगळ्या नाल्यांवर घातला असता. तेवढी तयारी नसेल, तर तिसऱ्या पर्यायावर एक रुपयाही घालू नये आणि कालव्याचीच वाहिनी वाढवावी, कारण बिघडलेलं पाणी घरोघरी फिरवणं तहानेहून घातक आहे.