जंगलात राहून चित्रं काढायची, पण कोणाच्या जंगलात?

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातली एक पोरगी चित्रकला शिकून मोकळी झाली, आता विचारून राहिली की दादा, जंगलातली आर्टिस्ट रेसिडेन्सी (म्हणजे काही आठवडे एका जागी राहून आपलं काम करायचं) करायची आहे, अमेरिकेतल्या पार्कला अर्ज टाकू का इथंच कुठंतरी राहू. तिला म्हटलं, फोटो पाहून ठरवू नको, आधी विचार की सातबारा कोणाच्या नावावर आहे, अन् तू तिथं राहिल्यानं त्या जमिनीला काय भेटते.

सरकारी नॅशनल पार्क घ्या. अमेरिकेत बऱ्याच पार्कांत हे चालते, साधारण दोन ते चार आठवडे फुकट राहायला देतात, पण जेवण बहुतेक तुमचं तुम्ही, विमानाचं तिकीट अन् व्हिसाही आपल्याच खिशातून, आणि बदल्यात एखादं काम पार्कला द्यायचं नाहीतर येणाऱ्या लोकांसमोर कार्यक्रम करायचा. अमेरिकेतल्या लेक सुपीरियर या मोठ्या सरोवरात आइल रॉयल नावाचं बेट आहे, तिथल्या केबिनमध्ये लाइट नाही, नळ नाही, एकटं राहायची सवय नसंल तं चौथ्या दिवशी रडू येईल. पार्कवाले चित्रकाराला बोलावतात त्यामागं जुनी गोष्ट आहे. १८७१ मध्ये थॉमस मोरान हा चित्रकार सर्वेक्षणाच्या तुकडीसोबत यलोस्टोनला गेला, त्याची चित्रं अन् सोबतच्या जॅक्सन या फोटोग्राफरचे फोटो तिकडच्या खासदारांपर्यंत पोचले, अन् १८७२ मध्ये पार्क जाहीर झालं. पण आता ती जमीन राखीवच आहे, तुम्ही गेले काय नाही गेले काय, तिला फार फरक पडत नाही.

ट्रस्टवाल्या रेसिडेन्सीचं तसं नाही, अन् मला खरा इंटरेस्ट तिथं आहे. कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या डोंगरात जेरासी म्हणून आहे, ५८३ एकर. कार्ल जेरासी म्हणजे गर्भनिरोधक गोळीच्या संशोधनातला केमिस्ट, त्याची मुलगी पामेला स्वतः कलाकार होती, ती १९७८ मध्ये गेली, तिच्या आठवणीत त्यानं आपल्या रँचवर कलाकारांना राहायला द्यायला सुरुवात केली. या जमिनीवर कॉन्झर्वेशन ईझमेंट आहे. आपल्या भाषेत सांगायचं तं सातबारा संस्थेच्याच नावावर, पण एनए करून प्लॉट पाडायचा हक्क कायमचा सोडून दिलेला, उद्या मालक बदलला तरी तो परत येत नाही, अन् ते पाळलं जाते की नाही हे पाहायला दुसरा एक ट्रस्ट. बाजूला सिलिकॉन व्हॅली, तिथं एकराचा भाव काय असंल विचार करा! तिथल्या रानात आधीच्या कलाकारांनी केलेली लाकडाबिकडाची शिल्पं तशीच उभी आहेत, कोणी रंगरंगोटी करत नाही, पडली तं पडली. वायोमिंगमधल्या यूक्रॉसचं वीस हजार एकराचं रँच, त्याच्याही मोठ्या भागावर असाच बंध आहे, तिथं तं दुपारचा डबा स्टुडिओपर्यंत आणून देतात. दोन्हीकडं राहणं, जेवण, स्टुडिओ फुकट, पण प्रवास बघावा लागते आणि अर्जाची स्पर्धा बम आहे.

ऑस्ट्रेलियातलं बंडॅननही याच जातीचं, आर्थर बॉइड या चित्रकारानं अन् त्याच्या बायकोनं १९९३ मध्ये नदीकाठची जमीन देशाला देऊन टाकली. तिथं लँटाना काढायचं मोठं काम झालं, म्हणजे आपली रायमुनिया, तीच, जी आपल्याकडच्या जंगलात पसरून राहिली अन् खाली गवत होऊ देत नाही.

आता घरचं. ताडोबाच्या कोअरमध्ये, म्हणजे आतल्या राखीव भागात, राहून चित्रं काढीन हे डोक्यातून काढून टाका. १९५५ चं राष्ट्रीय उद्यान आहे, नियम कडक आणि असायलाच पाहिजे. जिप्सीतून उतरता येत नाही, मोबाइल आत नेता येत नाही, मंगळवारी बंद, पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर कोअर बंद. स्केचबुक मांडीवर घेतलं की पुढच्या गाडीची धूळ कागदावर, अन् ऐनाच्या सालीवरच्या भेगा पाहत बसाव्या म्हटलं तं बाकीचे वाघ वाघ करत गाडी पुढं घ्यायला लावतात. बफरमधल्या, म्हणजे कोअरच्या भोवतीच्या पट्ट्यातल्या, गावात होमस्टे घेऊन महिनाभर राहिलं तं त्यापेक्षा जास्त काम होते, पैसाही गावातल्या घरात जाते.

ग्रामसभेचं जंगल याहून वेगळं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क (जंगल राखायचा अन् वापरायचा गावाचा हक्क) भेटला, गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये, तिथले लोक स्वतः बांबू विकतात. इथं रेसिडेन्सी म्हणून बोर्ड लावलेला नसते, आपणच जाऊन बोलायचं. मेंढ्यात निर्णय सर्वसहमतीनं होते, म्हणजे एका साहेबाची सही घेऊन काम होत नाही, बैठकीत बसावं लागते, दोनदा यावं लागते, घाई असणाऱ्यानं जाऊच नये. पण तिथं चित्रकाराच्या हाताला खरं काम आहे. जैवविविधता कायद्यात गावागावाची लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडं-प्राण्यांची नोंद, करायची आहे, तिच्यात पानं, मासे, कंद, गोंडी नावांसकट काढून दिले तं ती नुसती सरकारी फाइल राहणार नाही.

मोहाच्या दिवसांत मात्र पहाटे एकटं रानात फिरायचं नाही, मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला गेलेल्यांवर वाघाचे हल्ले होतात, गावातले लोक सोबत असतील तरच जायचं.

तं माझं म्हणणं असं की पहिल्यांदाच करत असाल तं नोव्हेंबर ते फेब्रुवारी बफर नाहीतर ग्रामसभेचं गाव, खर्च आपल्या आवाक्यातला, वही भरते. मग त्याच चित्रांवर जेरासी-यूक्रॉसला अर्ज. सरकारी पार्क सगळ्यात शेवटी, तेही तिकिटाचे पैसे कोणी देत असंल तरच. एखाद्याचं काम फोटोग्राफीचं असंल अन् फक्त वाघच पाहिजे असंल तं त्यानं हे सारं सोडून सरळ सफारीचं बुकिंग करावं, रेसिडेन्सीत त्याचा जीव लागणार नाही. अर्जात निसर्गाशी एकरूप वगैरे लिहू नका, कोणती झाडं काढली, कोणी नावं सांगितली, ते लिहा. अन् पासपोर्ट आत्ताच काढायला टाका, पोलीस व्हेरिफिकेशनला वेळ लागते.