दोन किलोची बाबागाडी आणि माझे 18,597 रुपये

आकडा आधीच सांगून टाकते: 18,597 रुपये. त्यातले 4,299 बाबागाडीचे, उरलेले 14,298 माझ्या शहाणपणाचे.

आम्ही लालबागला जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. लेक दीड वर्षाची, साडेदहा किलोची. आधीची बाबागाडी मावसबहिणीने दिलेली, दणकट होती, पण अकरा किलोची. लाकडी जिन्यावरून एका काखेत पोर आणि दुसऱ्या हातात ते धूड उतरवून बघा, मग मला हसा. जिन्याखाली ठेवायला लागलो तर घुशींनी सीट कुरतडून टाकली. टॅक्सीत न्यावी तर काळीपिवळीची डिकी सीएनजीच्या टाकीनेच भरलेली. त्यात दिवाळीत नणंदेकडे नागपूरला विमानाने जायचं ठरलेलं. त्यामुळे हलकी, घडीची, खांद्याला अडकवता येईल अशी हवी होती. सासूबाई म्हणत होत्या, "आम्ही तीन पोरं कडेवर वाढवली." त्यांचं ऐकलं असतं तर फुकटात झालं असतं.

तीन आठवडे मी याच नादात होते. विमानात वर ठेवायच्या सामानाचं माप साधारण 55 × 35 × 25 सेंटिमीटर आणि 7 किलो. शिवणाच्या टेपने दिवाणाखालची जागा मोजली, जिन्याचं वळण मोजलं. पाच पट्ट्यांचा बेल्ट हवा, पाठ थोडी तरी मागे कलायला हवी, पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकणार नाहीत एवढी चाकं हवीत, सगळं वहीत लिहिलेलं. दुकानात आणि नेटवर बघितलेल्या सगळ्या गाड्या साडेपाच ते सात किलोच्या होत्या. हेही वहीत होतं.

मग रात्री साडेअकराला मोबाइलवर ती जाहिरात आली. एक बाई विमानतळावर एका हाताने गाडी मिटते आणि पिशवीसारखी खांद्याला लावते. 14,999 वर काट, खाली 4,299. "गोदाम रिकामं करत आहोत, शेवटचे 11 नग." पैसे आधीच भरायचे, घरपोच आल्यावर द्यायची सोय नाही. आणि वजन: 1.9 किलो.

इथे, अगदी इथे, मला कळायला हवं होतं. तो आकडा मी नुसता वाचला नाही, झोपलेल्या नवऱ्याला उठवून अभिमानाने वाचून दाखवला. आमचा रिकामा कुकर दोन किलोच्या पुढे जातो. चार चाकं, धातूचा सांगाडा, कापड, छत, बेल्ट, आणि वर 15 किलोचं पोर पेलायची हमी, हे सगळं 1.9 किलोत कसं बसेल? तीन आठवड्यांची वही उशाशी होती. ती उघडायला दहा सेकंद लागली असती. मी मात्र "शेवटचे 11 नग"चे 9 झालेले बघत बसले आणि पैसे भरले. त्या पेजवर कमेंट बंद होत्या. तेही दिसलं होतं. म्हटलं, टवाळ लोकांचा त्रास होत असेल बिचाऱ्यांना.

आठव्या दिवशी पार्सल आलं. खोका चपलांच्या खोक्याहून जरासा मोठा. आणि मला आनंद झाला हो! म्हटलं, काय सुरेख घडी होत असेल.

आत बाहुलीची गाडी होती. गुलाबी, प्लॅस्टिकच्या नळ्यांची, पोरी भातुकलीत बाहुली फिरवतात ती. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, 640 ग्रॅम. वजनातही खोटेपणा.

इथवर 4,299 गेले होते. इथेच थांबले असते तर हे लिहायला बसलेच नसते, गप्प राहिले असते. पण मी खोक्यावरच्या नंबरला व्हॉट्सॲप केला. दोन मिनिटांत फोन. मुलगा चांगल्या मराठीत बोलला, "ताई, माफ करा, खेळण्यांच्या विभागातला माल चुकून तुमच्याकडे आलाय, आत्ता परतावा करतो." त्याने क्यूआर कोड पाठवला. स्कॅन करा, पिन टाका, 4,299 जमा होतील.

मी पतपेढीत कामाला आहे. काउंटरवर येणाऱ्या आजीआजोबांना मी स्वतः सांगते की पैसे यायचे असतील तर पिन लागत नाही, पिन फक्त पैसे जाताना लागतो. माझ्याच हस्ताक्षरात ते भिंतीवर चिकटवलंय. आणि मी पिन टाकला. लेकीला ताप होता, ती कडेवर रडत होती, कुकरच्या शिट्ट्या मोजत होते, आणि तो कानात "ताई, लवकर, लिंक बंद होईल" म्हणत होता. स्क्रीनवर पैसे कुणाला जाताहेत ते नाव स्वच्छ लिहिलेलं होतं. मी आकडा बघितला, नाव नाही.

4,299 गेले. तो म्हणाला, "ताई, उलटी एंट्री पडली. आता दोन्ही मिळून परत येतील, पण सिस्टीमला 9,999 ची एंट्री लागते, मग सगळं एकदम जमा होईल." यावर मी काय सफाई देऊ? 8,598 अडकलेत, ते सोडवायचे, एवढंच डोक्यात होतं. 9,999 टाकले. मग फोन बंद, डीपी गायब.

लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला. हे मात्र तुम्हीही करा, आधी रडू नका, नवऱ्याला शोधू नका, 1930. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवले तरच काही हाती लागतं. माझा फोन बाविसाव्या प्रयत्नाला लागला. पलीकडच्या बाई नीट बोलल्या, खोटं कशाला सांगू. तक्रार क्रमांक मिळाला, 2,140 रुपये कुठल्याशा खात्यात गोठवले गेले.

त्यानंतरचा फेरा ऐका. बँकेत गेले. "मॅडम, पिन तुम्ही स्वतः टाकलाय." मी रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम काढला, तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भुर्दंड नाही. ते म्हणाले, तो तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहाराला. बरोबर होतं त्यांचं, म्हणून जास्त राग आला. गोठवलेले 2,140 तरी द्या? "पोलिसांचं पत्र आणा." पोलीस म्हणाले, "ते बँकच करते."

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या दिवशी म्हणाले, गुन्हा आमच्या हद्दीत कुठे झालाय? माझा फोन माझ्या स्वयंपाकघरात होता, साहेब, आणि स्वयंपाकघर तुमच्या हद्दीत आहे. 1 जुलै 2024 पासून नवीन कायद्यात हद्द कुठलीही असली तरी माहिती नोंदवून घ्यायची तरतूद आहे, असं म्हटल्यावर "वकील आहात का?" विचारलं. मग स्क्रीनशॉटच्या रंगीत प्रिंट मागितल्या. चौदा पानं, 140 रुपये, धरा तेही नुकसानीत. प्रिंट चाळून साहेब म्हणतात, "पण माल मिळाला ना तुम्हाला? मग ही ग्राहकाची तक्रार झाली." माल! मी बाहुलीची गाडी टेबलावर ठेवली. पुरावा म्हणून ठेवून घ्या म्हटलं. "इथे जागा नाही." सायबरला गेले तर बाकावर शेजारी बसलेल्या गृहस्थांचे 31 लाख गेलेले. माझी पाळी आल्यावर तिथल्या शिपायाने माझ्याकडे असं बघितलं की मीच उठून जागा द्यावी.

ग्राहक हेल्पलाइन 1915. "विक्रेत्याचं नोंदणीकृत नाव सांगा." ते असतं तर काय हवं होतं! ई-कॉमर्सचे 2020 चे नियम सांगतात की विक्रेत्याने नाव, पत्ता, तक्रार अधिकाऱ्याचा नंबर दाखवलाच पाहिजे. या पेजवर फक्त "भिवंडी" लिहिलेलं होतं. मग नाव नाही म्हणून 1915 वाले म्हणतात सायबरला जा, सायबरवाले म्हणतात ठाण्यात जा, ठाणं म्हणतं 1915. मधल्या मधे माझ्या तीन रजा गेल्या. पेजची तक्रार ॲपवर केली तर उत्तर आलं की त्यात नियमभंग आढळला नाही. जाहिरातीचे पैसे घेताना काय आढळतं यांना?

नवी पार्सलं उघडताना व्हिडिओ काढा, सीलपासून, लेबल दिसेल असा. माझ्याकडे नाही, त्यामुळे "खोक्यात हेच होतं कशावरून" हेही ऐकून झालं. विक्रेत्याकडे जीएसटी क्रमांक मागा. पंधरा अंकाक्षरं असतात, महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो, सरकारी पोर्टलवर टाकला की नाव दिसतं. पेजच्या माहितीत आधीची नावं बघा. माझं पेज आधी साड्या विकायचं. आणि परताव्याचा नंबर खोक्यावरून घ्यायचा नसतो, हे मला आता कळलं.

बाबागाडी शेवटी दादरला दुकानातून घेतली. 6.3 किलो, 7,850 रुपये, पक्कं बिल. दुकानदाराला तीनदा घडी करायला लावली, चौथ्यांदा स्वतः एका हाताने केली, दुसऱ्या हातात लेक होती. त्याने विचारलं, "ताई, एवढं काय तपासता?" सांगितलं नाही.

बाहुलीची गाडी लेकीला भारी आवडली. त्यात कांदे घालून ती गॅलरीभर फिरवायची. गेल्या सोमवारी ठाण्यातून फोन आला: ती खेळण्यातली गाडी मूळ स्थितीत घेऊन या, पंचनामा करायचाय. एक चाक निखळलंय. दोन दिवस दिवाणाखाली शोधतेय.