४० लिटरच्या टाकीत गप्पी की निऑन टेट्रा?

दुकानात हे दोन्ही छोटे मासे शेजारीशेजारी पोहत असतात, म्हणून घरीही एकत्र चालतील असं वाटतं. भांडत नाहीत, हे खरं. पण पाण्याच्या बाबतीत दोघांचं पटत नाही. निऑन मूळचा ॲमेझॉन खोऱ्यातला. त्याला मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी मानवतं, पीएच ६ ते ७. गप्पीला जड, म्हणजे जास्त क्षारांचं पाणी लागतं, पीएच ७ ते ८. तेव्हा आधी आपल्या नळाला काय येतं ते बघा. बोअरचं पाणी असेल, बादलीवर पांढरे डाग पडत असतील, तर सरळ गप्पी घ्या.

निऑन देखणा, यात वाद नाही. पण तो थव्याने राहणारा. दोन-तीनच आणले तर कोपऱ्यात लपून बसतात. निदान ६ तरी हवेत, ८ असले तर उत्तम. शिवाय नव्या टाकीत तो तग धरत नाही. फिल्टर महिना-दीड महिना चालून पाणी स्थिरावलं की मगच आणावा. उन्हाळ्यात पाणी २८ अंशांच्या वर गेलं की त्याचे हाल होतात. विदर्भात तर विचारूच नका.

गप्पी सोशिक. अडचण एकच: पिल्लं. मादी साधारण महिन्याला पिल्लं देते, आणि नर बाजूला काढला तरी पुढचे काही महिने देत राहते. म्हणून फक्त नर घ्या, ५-६ पुरे. रंगही त्यांचेच भडक.

फायटर मासा मात्र यांच्यात सोडू नका, गप्पीबरोबर तर मुळीच नाही. लांब शेपटी दिसली की तो तिचे लचके तोडतो.