कुबुंटूवर परक्या सॉफ्टवेअरचे आयकॉन जुळवले: लग्नसराईभर वापरून झाल्यावर

सांगलीत आमचं डीटीपी-छपाईचं छोटं दुकान आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. चालू पीसी भंगारात घालायचे जिवावर आलं, म्हणून कुबुंटू टाकलं, म्हणजे केडीई नावाचा डेस्कटॉप असलेली लिनक्स प्रणाली. वेगाची तक्रार कुणीच केली नाही. कुरकुर झाली ती चित्रांवरून. टायपिंगला बसणाऱ्या काकू मेनू वाचत नाहीत, बटण ओळखून दाबतात. इथं तर प्रत्येक सॉफ्टवेअरचं 'सेव्ह' निराळं!

सगळ्यात सोपं गेलं लिबरऑफिस, म्हणजे लिहिण्या-हिशेबाचं ऑफिस सॉफ्टवेअर. टूल्स, ऑप्शन्स, व्ह्यू इथं आयकॉन थीम (बटणांच्या चित्रांचा संच) 'ऑटोमॅटिक' ठेवली की ते डेस्कटॉप बघून ब्रीझ, म्हणजे केडीईचा नेहमीचा संच घेतं. मात्र ब्रीझ स्टाइलचं पॅकेज बसवलेलं हवं. गडद रंगसंगती असेल तर ब्रीझचा गडद संच घ्या, नाहीतर काळ्यावर काळ्या रेघा, काहीच दिसत नाही. केडीईशी जोडणारं पॅकेजही टाकाच. त्यानं फाइल उघडायची खिडकी डेस्कटॉपसारखी येते, आणि रोजच्या कामात आयकॉनपेक्षा तिचाच उपयोग जास्त.

चित्रं रेखायच्या इंकस्केपमध्ये १.० आवृत्तीपासून (२०२०) आयकॉन थीम निवडता येते. पण थीममध्ये 'डॉक्युमेंट-सेव्ह' अशा ठरलेल्या नावांची चित्रं असतात. जे नाव तिच्यात नाही ते शेवटी 'हायकलर' या सामायिक संचातून येतं. त्यामुळे वरची बटणं एका घराण्याची आणि बाजूची हत्यारं दुसऱ्या, अशी खिचडी होऊ शकते. मला ती खटकली, मी मूळचाच संच परत लावला. फोटो सुधारायचं गिंप स्वतःचे संच घेऊन येतं; त्यातला 'सिम्बॉलिक' लावला की चित्रं एकरंगी होतात आणि ब्रीझशेजारी बरी दिसतात.

इलेक्ट्रॉनवर (वेबपानांच्या तंत्रानं ॲप बनवायचं साधन) बांधलेली ॲप्स मात्र आपली बटणं आपणच रंगवतात. त्यांचा नाद सोडा. ब्राउझरमधल्या जीएसटी पोर्टलचे आयकॉन तरी कोण बदलणार!

मेनूतलं एखादं ॲप थीमला दाद देत नसेल तर त्याच्या डेस्कटॉप फाइलमधली (मेनूतलं नाव आणि चित्र ठरवणारी छोटी फाइल) 'आयकॉन' ओळ बघा. तिथं चित्राचा पूर्ण पत्ता असेल तर थीम बदलून फरक पडत नाही. ती फाइल होममधल्या (आपल्या खात्याचं फोल्डर) '.लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स'मध्ये कॉपी करा आणि पत्त्याच्या जागी थीममधलं नाव लिहा. मूळ फाइलला हात लावू नका, अपडेट आलं की ती बदलली जाते. होममधली प्रत तशीच राहते.